धुरपदाच्या पंगतीत पहिलं पान

आमच्या दूध संघाच्या जुन्या कॉम्प्युटरातली अक्षरं रोज दुपारी हॉलात जेवायला येतात, आणि त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. सभासदाच्या एकेका नावाची एकेक पंगत. आमटी, भात, एक भाजी. जोडाक्षरं दोघांत एकच पान घेतात आणि भांडतात. बाकी त्रास नाही.

मग नवीन कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासोबत त्याचा वाढपीही आला. जुना वाढपी पहिल्या पानाला ‘एक’ म्हणायचा. हा ‘शून्य’ म्हणतो. हुकूम मात्र जुनाच: चार अक्षरी नावाला एक ते चार वाढा. त्यामुळे धुरपदाच्या पंगतीत तो ‘धु’ला शून्य म्हणून ओलांडतो. र, प, दा यांना वाढतो. आणि चौथी पळी ‘दा’च्या पलीकडं मोकळ्या फरशीवर ओततो. फरशी मी पुसते.

"डोळे फुटले काय रं तुझे? ‘धु’ म्हातारी पुढं उपाशी बसलीय," मी म्हटलं.

"एक ते चार वाढलं, मावशी. मोजून घ्या."

"फरशीला भूक लागली होती काय?"

"ते मला विचारायचं नाही," म्हणाला, आणि पुढच्या पंगतीत आमटी सांडायला गेला.

मी ‘धु’ला चोरून भाकरी दिली. पण वाढप्याच्या हातचं नसलं की अक्षराला घास उतरत नाही. ती फिकी पडत चालली. तिचा उकार जमिनीवरून फरफटू लागला. रविवारी सगळ्या पंगती चालत नव्या कॉम्प्युटरात जाणार होत्या. जिला चालवणार नाही ती जुन्यातच राहणार, आणि जुना भंगारात.

मी वर जाऊन म्हसवडे मॅडमना गाठलं. कॉम्प्युटर बदलायचं काम त्यांच्याकडं. जागरणानं त्यांचे डोळे सुजलेले.

"हुकूम बदला की."

"हौसाक्का, लिहिणारे गृहस्थ वारले. एक ओळ हलवली तर काय कोसळेल, देव जाणे."

"मग वाढप्याला हाकला."

"तो कॉम्प्युटरासोबतच येतो."

उपाय त्यांनीच काढला. प्रत्येक पंगतीच्या पुढं आणखी एक पान मांडायचं. शून्य त्याच्यावर पडेल, आणि पहिलं अक्षर एक होईल. मांडलं. पण पंगतीत मोकळी जागा दिसली की पुढं सरकून बसायचं, ही अक्षरांची जुनी सवय. सगळी सरकली. ‘धु’ पुन्हा शून्यावर.

म्हणजे प्रत्येक पंगतीत त्या पानावर कोणीतरी बसायलाच हवं. वॉचमन बसला. हिशेबनीस बसले. चेअरमनसाहेब कुरकुरत बसले. मॅडम स्वतः बसल्या. शनिवारी दुपारी एकच पंगत उरली आणि माणूस मी एकटी.

मांडी घालून ‘धु’च्या पुढं बसले. गुडघे बोलले. वाढपी आला, माझ्याकडं न बघता ‘शून्य’ म्हणाला आणि पुढं गेला. घरीदारी सवय आहे. ‘धु’च्या पानात भात पडला. तिनं पान चाटून पुसून घेतलं. उकार हळूहळू वर उचलला गेला.

मी उठायला लागले तशा मॅडम पलीकडच्या पंगतीतून ओरडल्या, "उठू नका, हौसाक्का! उठलात की सगळी सरकतील. उद्या चालतानाही पुढं तुम्हीच. तिकडं गेल्यावरही."

"किती दिवस?"

"नवीन कॉम्प्युटर चालेल तितके."

मी परत टेकले. म्हटलं, "घरी निरोप धाडा. पीठ डब्यात आहे, भाकरी करून घ्या म्हणावं. आणि पाठीला एक उशी द्या."