समुद्र नसलेला नकाशा

मानोजीरावांनी काढलेल्या बालीच्या नकाशात समुद्र नाही. डोंगर आहेत, तळी आहेत, भाताची खाचरं आणि देवळं आहेत, कुठल्या वळणावर खायला बरं मिळतं तेही आहे. पण बेटाच्या कडेशी आलं की रेघा थांबतात आणि कोरा कागद सुरू होतो. उभा जन्म सर्वे खात्यात नकाशे काढलेल्या माणसाने असं बेट काढावं, हे मला खटकायचं. विचारलं तर म्हणाले, "समुद्रात बघायला काय आहे की? सुम्ने पाणी!"

सुम्ने म्हणजे कन्नडात उगीच. मानोजीरावांच्या मते जगातल्या बऱ्याच गोष्टी सुम्ने आहेत. लिफ्ट सुम्ने, माझी नोकरी सुम्ने, आम्ही पुण्याहून आणलेला गोडा मसाला तर अगदीच सुम्ने.

ते आमचे घरमालक. म्हैसूरच्या चामराजपुरम भागातल्या घरात खाली ते एकटे, वर मी, वैशाली आणि आमची आठ वर्षांची मिठू. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरातली मराठी त्यांनी टिकवली, पण तिच्यात कन्नड इतकी मुरली आहे की वेगळी काढता येणार नाही. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. मुलगा आनंद योगासनं शिकवायला 'फॉरिन'ला आहे, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे काही विचारलं की मानोजीराव नळाच्या गळतीवर बोलू लागत.

बालीला मात्र ते स्वतः कधी गेले नव्हते. तरीही आमच्या शहरात विजयनगरपासून मंडी मोहल्ल्यापर्यंत बालीला निघालेला मराठी माणूस त्यांच्या तावडीतून सुटत नसे. गणपतीच्या मंडपात आरती संपायच्या आत ते प्रवाशाला कोपऱ्यात घेत. प्रत्येकाला नवा नकाशा, नवा रस्ता. काही गावांवर तांबडी खूण असे. तिथे कोणाला जाऊ देत नसत. "ते झालं," म्हणत.

यंदा आम्ही तिकिटं काढली आणि माझे ग्रह फिरले.

"वैशालीअम्मा, बीच बेडा हं," त्यांनी आधीच बजावलं. नको म्हणजे नकोच. "बीचवर सगळेच जातात. बेट आत असतं, आत."

मग अटी आल्या. प्रत्येक मुक्कामी गरम पाणी मिळतं काय, ते विचारायचं. बाजाराच्या दिवशी बाजारात जायचं. आणि फोटो काढायचे ते माणसांचे. "डोंगर कशाला? डोंगर काय पळून जातो? गर्दी पाहिजे. आणि तुमी तिघं स्वल्प बाजूला उभं राहा की."

इतका अपमान करून सहलीला पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सहलीचं काय सांगू! मुंडुकच्या थंडीत आम्ही स्वेटरशिवाय कुडकुडलो. सिदेमेनच्या बांधावरून मी खाचरात पडलो, तेव्हा तिथल्या बदकांनाही लाज वाटली असावी. वैशाली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, त्यापेक्षा अबोला बरा होता. मी मात्र इमानेइतबारे हॉटेलवाल्यांना गरम पाण्याचं विचारत होतो आणि मिरच्या विकत घेणाऱ्या अनोळखी लोकांचे फोटो काढत होतो. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या दिवशी वैशाली म्हणाली, "बेटावर येऊन समुद्र न बघता मी विमानात बसणार नाही." परतीचं विमान संध्याकाळचं होतं. विमानतळाजवळच एक किनारा होता. आम्ही गेलो, लहान पोरांसारखे डुंबलो आणि त्या सहलीत पहिल्यांदा हसलो. फोटो काढले आणि मानोजीरावांच्या धास्तीने विमानात बसून एकेक पुसून टाकले.

परतल्यावर त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. मी एकटाच गेलो. त्यांनी माझा फोन टेबलावर ठेवून घेतला आणि नकाशे तपासायचं भिंग काढलं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, की ते फोटोतल्या आमच्याकडे बघतच नव्हते. मागच्या माणसांकडे बघत होते. टोपल्यांआडचे, स्कूटरवरचे, अर्धवट कापले गेलेले चेहरे. प्रत्येक चेहऱ्यावर भिंग थांबे आणि पुढे सरके.

चारशेच्या वर फोटो झाले आणि एक पुसायचा राहिलेला निघाला. समुद्रात गळ्यापर्यंत बसलेली मिठू, तोंड भरून हसणारी.

भिंग खाली आलं.

"कुठला बीच?"

मी चोरासारखं नाव सांगितलं. आता ओरडतील म्हणून वाट बघत होतो. ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"तिथंच," ते म्हणाले. "आनंदची पिशवी आणि चपला तिथंच मिळाल्या. सहा वर्षं झाली. तिथल्या लोकांनी पत्र पाठवलं. या, म्हणाले, कागदावर सही करा."

"काका..."

"गेलो तर सही मागणार. म्हणून जात नाही. चपला काय, कोण पण काढून ठेवतो, अल्वा, हो की नाही? आणि तो समुद्रात जाणारच नाही. थंड पाण्याला किती भ्यायचा तो! एवढा मोठा झाला, योगासनं शिकवायला लागला, तरी हंडाभर पाणी तापवल्याशिवाय अंघोळ नाही. तो आतच असणार. जिथं गरम पाणी मिळतं तिथं."

त्यांनी मोठा नकाशा पसरला. आमच्या आधी गेलेल्या सगळ्यांचे रस्ते त्यावर होते. इतके दिवस मी समजत होतो, की तांबडी खूण म्हणजे पाहून झालेलं ठिकाण. तसंच होतं ते. इथं नाही, इथं नाही, इथंही नाही, असं सगळं बेट तांबडं होत आलं होतं. मधे थोडीच गावं उरली होती.

"पाटणकर, खरं सांगा," त्यांनी विचारलं, "पाणी थंड होतं काय?"

त्या समुद्राचं पाणी कोमट होतं. मिठू बाहेर यायला तयार नव्हती, इतकं छान कोमट.

"थंड होतं काका," मी म्हणालो. "फार थंड."

मानोजीराव फोनकडे बघत राहिले. मिठू गळ्याएवढ्या पाण्यात बसून हसत होती. मग त्यांनी फोन उचलून पालथा ठेवला.

"थंड, अल्वा?"

"हो."

"मग बरं."

त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि आम्ही फिरून आलेल्या गावांवर सावकाश खुणा केल्या. प्रत्येक खूण नेमकी गावावर पडली. मग कोऱ्या कागदावर नवा नकाशा आखायला घेत म्हणाले, "दसऱ्याच्या सुट्टीत तुमच्या ऑफिसातलं कोण जातंय काय, चौकशी करून ठेवा की."

या माणसाच्या तावडीत पुन्हा कोणाला देणार नाही, अशी शपथ मी खाचरात पडल्या पडल्या घेतली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी प्रत्येकाला विचारलं.