नत्थुजींच्या कीबोर्डची पसंती

अमरावतीची एक मुलगी आपला जुना कीबोर्ड पाहायला रविवारी येणार, हे कळल्यापासून नत्थुजींचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पत्नी कौशल्याबाई गेल्या, तेव्हापासून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मीटरचं रीडिंग घेणाऱ्याखेरीज कोणी पाहुणा म्हणून आलं नव्हतं.

मुलीचं नाव रागिणी. ती गाणी तयार करायची. आईबापाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तिनं नत्थुजींच्या ऑर्केस्ट्राचा तो स्वस्तातला, नाकात बोलणारा कीबोर्ड ऐकला आणि विचारत विचारत त्यांचा नंबर मिळवला. तसल्या आवाजांचे आता पुन्हा दिवस आलेत, असं ती फोनवर म्हणाली. आपले नाही तर निदान आपल्या कीबोर्डचे तरी आले, यात नत्थुजींनी समाधान मानलं.

शेजारच्या पार्बताबाईंनी मग प्रकरण हातात घेतलं. "पाह्याले येऊन राह्यली म्हनता, अन् हे ध्यान असंच दाखवसान?"

मुलगी दाखवायची तर तिला मळक्या साडीत कोणी बसवतं का, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. नत्थुजींनी कीबोर्ड गुलफामच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. गुलफामनं तो पुसून चकाचक केला आणि आतला फाटका स्पीकर काढून नवाकोरा बसवला.

रविवारी रागिणी आली. पोहे झाले. मग तिनं एक पट्टी दाबली. आवाज इतका स्वच्छ निघाला की तिचा चेहराच पडला.

"काका, ती खरखर कुठं गेली?"

"काढली न बाप्पा," नत्थुजी अभिमानानं म्हणाले. "तुमी येनार म्हनून."

रागिणीनं पोह्यांची तारीफ केली आणि उठता उठता म्हणाली, "कळवते मी."

पाहायला आलेल्यांनी 'कळवतो' म्हटलं की काय समजायचं, हे कोणाला सांगावं लागत नाही. पार्बताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नत्थुजींना तर खरंच रडू आलं. कीबोर्ड नापसंत झाला याचं नव्हे, ती आता परत यायची नाही याचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुलफामला गाठलं. फाटका स्पीकर त्यानं एका भाजीवाल्याच्या गाडीला भाज्या पुकारायला बसवून दिला होता. मग दोघे स्कूटरवर मोर्णा नदीच्या अल्याडपल्याड त्या गाडीच्या मागावर फिरले. गल्लीत कुठं मेथी नाकातून ओरडली की नत्थुजी गुलफामच्या पाठीवर थाप मारत, "थांब, आपलाच हाय." तिसऱ्या गल्लीत तो आपलाच निघाला. नव्याच्या बदल्यात जुना द्यायला भाजीवाला एका पायावर तयार झाला. फक्त गुलफामला बाजूला घेऊन त्यानं, या बाबाचं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढं विचारून घेतलं.

नत्थुजींनी स्वतःच रागिणीला फोन केला. मुलीकडच्यांनी असा फोन करायचा नसतो, असं पार्बताबाई म्हणाल्या, पण मान गेला खड्ड्यात. रागिणी आली. आता अजिबात बोलायचं नाही, असं बजावून तिनं माईक लावला. खरखर जशीच्या तशी आली. नत्थुजी वाजवत गेले, बोटांना सगळं आठवत होतं. समोर कोणीतरी बसून ऐकत होतं, आणि तेच त्यांना सोसवेना.

"चहा मांडू काय?" वाजवता वाजवता ते म्हणाले.

रागिणीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात स्पीकर घरघरला आणि बंद पडला. गुलफामला बोलावलं. त्यानं उघडून पाहिलं, मान हलवली.

"खतम, नत्थुभाऊ. मेथी-पालक इकून थकला बिचारा."

एकदाच काय ते नीट वाजलं होतं आणि त्यात नत्थुजींनीच माती कालवली होती. रागिणी सामान आवरून म्हणाली, "कळवते, काका."

दिवाळीनंतर तिचं गाणं फोनवर आलं. त्यांचं बोलणं तिनं काढलं नव्हतं. लोकांना तेच जास्त आवडून राहिलंय, असं खाली लिहिलं होतं. नत्थुजींनी फोन पलंगावर ठेवून गाणं लावलं. कीबोर्ड नाकात गायला, आणि मधेच त्या रिकाम्या खोलीत कोणीतरी मायेनं विचारलं, "चहा मांडू काय?"

कौशल्या गेल्यापासून त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.

"मांड न," नत्थुजी म्हणाले आणि गॅस पेटवायला उठले.