टिपणीसांची जॅझ साथ

"यंदा मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात सुनीतीताईंच्या भावगीताला मी मेंडोलिनची साथ करणार," रघुनाथ टिपणीसांनी जेवताना जाहीर केलं. "पेटी नाही, तबला नाही. जॅझ."

"तुम्हाला एक तरी गाणं वाजवता येतं का?" त्यांच्या पत्नी नलिनीबाईंनी विचारलं.

"साथीदाराला गाणं यावं लागत नाही."

बदली होऊन कलकत्त्याला आल्यावर टिपणीसांची ओळख बँकेतले एक खातेदार डिमेलो यांच्याशी झाली. डिमेलो पार्क स्ट्रीटच्या एका हॉटेलात बँडमध्ये वाजवत. त्यांनी तीन महिन्यांत टिपणीसांना दोन कॉर्ड शिकवले. चार सूर एकदम छेडायचे, मग दुसरे चार, मग पुन्हा पहिले. याला ते व्हॅम्प म्हणत. त्यांची ताकीद एकच होती : गाणारा तोंड उघडेपर्यंत हेच वाजवायचं, थांबायचं नाही.

सुनीतीताई राहायच्या लांब, शहराबाहेर बराकपूरला, त्यामुळे तालीम झालीच नाही. फोनवर एवढंच ठरलं, "आधी तुम्ही थोडं वाजवा, मग मी सुरू करते."

संमेलन बालीगंजच्या एका शाळेत होतं. टिपणीसांनी व्हॅम्प सुरू केला. पहिलं मिनिट लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्या मिनिटाला टिपणीसांनी सुनीतीताईंकडे बघून मान हलवली, म्हणजे 'या आता'. सुनीतीताईंना वाटलं, बिचारे दाद मागताहेत. त्यांनीही मान हलवली आणि म्हणाल्या, "वा."

टिपणीस वाजवत राहिले. सुनीतीताई त्यांचं संपायची वाट बघत मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

सहाव्या मिनिटाला मंडळाचे सेक्रेटरी विनायकरावांनी विंगेतून घड्याळ दाखवलं. लय रेंगाळते आहे असं समजून टिपणीसांनी ती दुप्पट केली.

पहिल्या रांगेत टिपणीसांचे बंगाली शेजारी घोषालबाबू पाहुणे म्हणून आले होते. नलिनीबाईंना ते बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. ते त्यांच्या कानाशी वाकले. "बौदी, तारा जुळवणं चाललंय ना?"

"हो," नलिनीबाई म्हणाल्या. दुसरं काय सांगणार?

दहाव्या मिनिटाला टिपणीसांची बोटं सोलवटली. गाणं काही येईना, आणि थांबायची तर सोय नव्हती. मागच्या रांगा चहाच्या दिशेनं सरकू लागल्या. तेवढ्यात लोडशेडिंग झालं. दिवे गेले, माइक गेला. अंधारात टिपणीसांना मेंडोलिनच्या दांडीवरचे पडदे दिसेनात, बोट कुठे ठेवावं कळेना. ते थांबले.

यांचं एकदाचं झालं, असं समजून सुनीतीताईंनी सूर लावला. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला. चहाकडे निघालेले लोक जागच्या जागी उभे राहिले. टिपणीसांना एकदा वाटलं, आपणही हळूच एखादा कॉर्ड द्यावा. पण चुकीचा लागला तर? ते तारांवर हात दाबून गप्प बसून राहिले आणि गाणं ऐकत राहिले. तीन महिन्यांत प्रथमच त्यांना मेंडोलिन खाली ठेवावंसं वाटलं.

टाळ्या चालू असतानाच दिवे आले. घोषालबाबू लगबगीनं मंचापाशी आले आणि त्यांनी टिपणीसांचे दोन्ही हात धरले.

"टिपणीसबाबू, गाण्याच्या वेळची तुमची साथ अप्रतिम. किती हळुवार! ऐकूसुद्धा येत नव्हती."

टिपणीसांनी नलिनीबाईंकडे पाहिलं. त्या चपला शोधत होत्या.

"त्याला फार रियाज लागतो," टिपणीस म्हणाले.