मान्साताबाईंचं दोनदा वाजलेलं मत

सांकुंगसारखा जावई वैऱ्यालाही मिळू नये, असं मान्साताबाईंचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी विहिरीवर, मळ्यात, एक-दोन मयतांतसुद्धा बोलून दाखवलं होतं. तसा तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, मुलीला सुखात ठेवत होता. पण माणूस म्हणजे नुसता होला हो. कुणी कुदळ मागितली, घे कुदळ. कुणी रांगेत पुढे घुसला, घुस बाबा. सात वर्षांत त्याने कुणाला "का?" म्हणून विचारलं नव्हतं. बाई म्हणायच्या, "त्याला कुणी सांगितलं की तू बकरी आहेस, तर हा विचारेल, कुठल्या खुंट्याला बांधून घेऊ?"

तरी मतदानाला जायला त्याचीच सायकल लागली. केंद्र शाळेत, शाळा दोन मैलांवर आणि बाईंचे गुडघे संपावर. शिवाय बाईंना पहिलं मत टाकायचं होतं. तो मानच होता त्यांचा. निवडणूक कचेरीची माणसं गावाला शिकवायला आली, तेव्हा त्यांनी शिकल्यासवरलेल्यांना सोडून बाईंनाच निवडलं होतं. बाईंना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, पण त्यांचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा. गोरखचिंचेखाली तेलाचा रिकामा डबा मांडून त्यांनी महिनाभर गावाला पढवलं होतं. एका माणसाला एकच काचेची गोटी. पडद्यामागे जायचं, आपल्या उमेदवाराच्या पिंपावरच्या नळीत ती सोडायची. आत घंटी एकदा वाजते, ती बाहेरच्या साहेबाला ऐकू येते. एक टिंग, एक मत. दोन टिंग, म्हणजे चोर. म्हणूनच मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकलीला घंटी चालत नाही, हेही बाईंनीच सगळ्यांच्या डोक्यात भरलं होतं.

यंदा तर घरचाच प्रश्न होता. वॉर्डातून त्यांची भाची जालिका उभी होती. बायकांच्या भाजीमळ्याचं कुंपण तीन वर्षं मोडून पडलेलं, लोकांची गुरं येऊन टोमॅटो चापत होती, आणि जुने सभासद सोन्को दर वेळी "बघू" म्हणून पान उलटत होते. या खेपेला सोन्को पडले नाहीत, तर पुढची पाच वर्षं टोमॅटो गुरांचेच.

शाळेपाशी दोरी बांधली होती. पोलिसाने सांगितलं, घंटी काढ. सांकुंगने काढली. पोलिसाने सांगितलं, सायकल घेऊन दोरीबाहेर थांब. थांबला. खिसा फाटका, म्हणून घंटी त्याने सासूच्या हातात दिली. खिसा शिवून घ्यायची अक्कल नाही का, हे त्याला विस्ताराने सांगताना बाईंनी ती कनवटीला बांधली, आणि तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. बाई ताठ मानेने आत गेल्या. बोटाला शाई लागली, हातात गोटी आली. पडद्यामागे त्या जालिकाच्या पिंपापुढे वाकल्या.

टिंग.

बाई दचकून सरळ झाल्या.

टिंग.

"आजी," बाहेरून केंद्रप्रमुख सेइकू मास्तरांचा आवाज आला, "दोनदा?"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना कळलं ते असं, की कनवटीतली घंटी दाखवावी तर पडद्यामागे घंटी नेल्याचा गुन्हा, आणि न दाखवावी तर दोन मतांचा. हातात होतं नव्हतं ते सगळं त्यांनी कनवटीत कोंबलं, गाठ करकचून आवळली आणि पडदा सारून हल्लाच चढवला.

"मास्तर, तुझ्या बारशाला तुझं डोकं मी भादरलंय. तेव्हाही तू असाच उगाच बोंबलत होतास. तुमचं पिंप बिघडलंय, ते बघ आधी."

मास्तरांनी पिंप तपासलं. ते एकदम ठणठणीत निघालं. सोन्कोंचा प्रतिनिधी टेबलावर हात आपटून म्हणाला, की गावाला शिकवणारीच अशी, तर शिकलेल्यांनी काय करावं. शेजारपाजारच्या देशांच्या संघाने एक निरीक्षक पाठवला होता. बिनबाह्यांचं जाकीट घातलेला तो गृहस्थ काही न बोलता वहीत लिहीत होता, आणि बाईंना वाटत होतं की आपलं नाव आता समुद्रापार चाललं. शेवटी मास्तरांनी तोड काढली. प्रकार नोंदवून ठेवू. संध्याकाळी गोट्या मोजल्या की मत एक पडलं की दोन, ते कळेलच. आजींना घरी जायचं तर जाऊ दे.

बाई जाणार कशा? चालल्या तर वाजणार. त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. मांड्या आवळून, श्वास बेताने घेत. रांगेतली माणसं येता-जाता बघत होती. कुणी म्हणालं, आजी रुसल्या. कुणी म्हणालं, मनात जप चाललाय. जालिकाने मासळीभाताचा वाडगा आणला, पण बाईंनी हात लावला नाही, कारण घास घ्यायचा तर वाकावं लागलं असतं.

दुपारी स्वतःचं मत टाकायला गेला तेवढं सोडलं, तर दोरीबाहेर सांकुंग उभाच होता. बाईंनी त्याला डोळ्यांनी खूण केली, की ये आणि ही पीडा घेऊन जा. त्याने पोलिसाची परवानगी काढून पाणी आणलं. बाईंनी भुवया उडवल्या. त्याने पंखा आणला. बाईंनी दात खाल्ले. तो चघळायला कोलाची कडू फळं घेऊन आला. ती बाकावर ठेवून, पोलिसाने सांगितल्याप्रमाणे, परत दोरीबाहेर. बाईंना वाटलं, या माणसाला जन्म देताना देवानेही कुणाला काही विचारलं नसावं.

ऊन उतरलं, मतदान संपलं, दोन्ही पिंपं अंगणात आली. भोकांच्या लाकडी फळीवर गोट्या ओतल्या गेल्या. वॉर्डात हे एकच केंद्र, त्यामुळे निकाल इथेच लागणार होता. सोन्को एकशे त्र्याहत्तर. जालिका एकशे त्र्याहत्तर.

गलका उठला. मास्तरांनी पुन्हा मोजलं, आकडा तोच. यादीत खुणा होत्या तीनशे सत्तेचाळीस माणसांपुढे. गोट्या तीनशे सेहेचाळीस.

म्हणजे एक जास्त नव्हती. उलट एक कमीच होती.

बाईंच्या अंगात दहा बाया संचारल्या. सेइकू मास्तरांनी सगळ्यांदेखत माफी मागितली, तरी त्यांचं समाधान होईना. त्या म्हणाल्या, मला चोर म्हणणाऱ्यांनो, आता तो खरा महामूर्ख शोधा, जो गोटी घेऊन घरी गेला. त्या एका गोटीने जालिका निवडून आली असती. महिनाभर घसा फोडून शिकवलं, तरी एवढं कळू नये? असल्या माणसाला मताचा हक्क कुणी दिला? आणि आता चोरीचा आळ उतरलाच आहे, तर त्या दुसऱ्या टिंगचंही गुपित ऐका, असं म्हणून बाई दिवसभरात पहिल्यांदा उभ्या राहिल्या. कनवटी वाजली. पोलीस सायकलींकडे धावला. बाईंनी मोठ्या दिमाखात गाठ सोडली आणि घंटी काढून मास्तरांच्या नाकासमोर धरली.

तिच्यामागून एक गोटी टपकली. अंगणातून घरंगळत गेली आणि निरीक्षकाच्या बुटाशी थांबली.

कुणी हसलं नाही. तेच जास्त वाईट होतं. जालिकाने तोंडावर पदर घेतला. निरीक्षकाने वहीचं पान उलटलं. मास्तर अगदी हळू म्हणाले, "आजी, पिंपाबाहेरची गोटी मत म्हणून धरत नाहीत. बरोबरी झालीय, कचेरीला कळवावं लागेल. सगळ्यांचं मतदान पुन्हा होईल बहुतेक."

बाईंनी मान खाली घातली. असं याआधी कधी घडलं नव्हतं.

"ती गोटी माझी आहे."

सगळे वळले. दोरी ओलांडून, पोलीस थांब म्हणत असताना न थांबता, सांकुंग आत आला होता. तो म्हणाला, की मत न टाकताच तो बाहेर आला, आणि घंटीबरोबर गोटीही त्यानेच सासूकडे दिली. मास्तरांनी यादीत पाहिलं.

"सांकुंग, तुझं मत तर दुपारी पडलं. घंटी मी स्वतः ऐकली. आणि सायकलची घंटी तू यांना सकाळी दिलीस."

"तरी माझीच," सांकुंग म्हणाला.

सोन्कोंच्या प्रतिनिधीने आठवण करून दिली, की केंद्रात खोटं सांगणाऱ्याला तुरुंग आहे. सांकुंगने मान हलवली, पण जागचा हलला नाही. निरीक्षकाची लेखणी थांबली होती.

मान्साताबाई पुढे आल्या. गोटी उचलून त्यांनी मास्तरांच्या टेबलावर ठेवली. "माझी आहे," त्या म्हणाल्या. "महामूर्ख मीच. लिहा तुमच्या वहीत, आणि नीट लिहा. पुन्हा मतदान होईल तेव्हा पहिली मीच येणार." मग त्या जावयाकडे वळल्या आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"आजपर्यंत तू माझ्या मुलीचा नवरा होतास. आजपासून माझा जावई. चल, सायकल काढ. आणि वाटेत एक शब्द बोलू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही."