तुळई सरळ झाली त्याची गोष्ट

तुळई सुतारानेच दुरुस्त करावी असा काही कायदा नाही, असं प्रफुल्ल रामटेकेंनी मुलाखतीच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. मुलाखत त्यांची नव्हती, पुतणीची होती. श्रावस्ती वर्ध्याहून येऊन तीन वर्षं त्यांच्याकडे राहिली, एक सण पाहिला नाही की एक सिनेमा, आणि अखेर सिव्हिल सर्व्हिसेसच्या मुलाखतीपर्यंत पोहोचली. साडेदहाला तिला घरातून निघायचं होतं.

अडचण होती तिच्या खोलीखालच्या तुळईची. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या या जुन्या घराचा वरचा मजला रामटेकेंचा, खालचा चोप्रा आंटींचा. मधली लाकडी तुळई दुरुस्त कोणी करायची यावर बारा वर्षं वाद चालू होता. काका म्हणत, तुमचं छत. आंटी म्हणत, तुमची फरशी. तोवर वाळवीने ती आपलीच मानून निम्मी खाल्ली. श्रावस्ती येरझारा घालत उत्तरं पाठ करायची, तिच्या दर पावलाला आंटींच्या पराठ्यावर चुना पडायचा आणि आंटी झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. निदान आज तरी पोरीला शांतपणे तयारी करू द्यावी, एवढाच काकांचा हेतू.

"अहो, सुताराला उद्या बोलवू," लुंबिनीकाकू म्हणाल्या.

"त्यात काय आहे? खालून गाडीचा जॅक लावायचा, तुळई उचलायची, बाजूने नवी फळी ठोकायची. व्हिडिओ पाहिलाय मी."

व्हिडिओतल्या माणसाने रोज अर्धाच फेरा फिरवा, आठ दिवस जाऊ द्या, असं बजावलं होतं. केंद्र सरकारच्या बावीस वर्षांच्या नोकरीत काकांनी आजचं काम आज केल्याची नोंद नाही. नेमकं त्या दिवशी त्यांनी आठ दिवसांचं काम पाऊण तासात उरकलं!

आंटींच्या जेवणघरात ठोकळ्यांवर जॅक चढला. तुळई कुरकुरत वर गेली आणि छत सरळ झालं. पण वरची चौकट तिरकी झाली आणि श्रावस्तीचं बंद दार तिच्यात घट्ट बसलं. आत ती साडी नेसून, फाइल घेऊन तयार. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

काका धापा टाकत वर आले, दाराची मूठ धरली आणि ओढू लागले.

"काका, ऐका ना..."

"घाबरू नकोस. डोकं शांत ठेव."

"काका, तुम्ही जरा..."

"मी आहे ना इथे!"

भिंतीला पाय लावून ओढलं तरी दार तसूभर हलेना. भाऊ तिकडे वर्ध्यात फोन हातात घेऊन बसलेला. त्याला काय तोंड दाखवायचं, या विचाराने काकांना रडूच यायला लागलं.

"नुसते ओढत काय बसलात?" काकू कडाडल्या. "खाली जाऊन तो जॅक उतरवा."

खाली आंटी जॅकशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मान वर करून छत न्याहाळत होत्या.

"तीस साल में पहली बार सीधी हुई है, रामटेके जी. नीचे नहीं करने दूँगी."

"आंटी जी, बच्ची अंदर बंद है. इंटरव्यू है उसका."

"तो पहले लिख के दो. बीम आपका, मरम्मत आपकी, हमेशा के लिए."

बारा वर्षांचा बाणा काकांनी एका क्षणात सोडला. आंटींनी पुढे केलेल्या कागदावर, हाताच्या सवयीने, तारीख आणि विषय घालून त्यांनी तुळई वाळवीसकट स्वतःच्या नावावर करून घेतली. खाली सही ठोकली आणि जॅककडे वळले, तोच जिन्यात चपला वाजल्या. श्रावस्ती फाइल सावरत उतरत होती.

"अगं, दार कसं उघडलं?"

"काका, ते आत उघडतं," ती वाकून नमस्कार करत म्हणाली. "मी आतून ओढत होते, तुम्ही बाहेरून. तुम्ही सोडलंत आणि एका झटक्यात आलं. येते मी."

"ऑल द बेस्ट, बेटा," आंटी म्हणाल्या आणि कागदाची घडी करून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली.