हँडलचं माप

टेलरमास्तर दुकानातल्या कापायच्या टेबलावर जोर काढायला ओणवे झाले होते, आणि त्यांची बायको त्यांच्या हातांच्या कडेला खडूनं रेघा मारत होती.

"अहो, हलू नका. दर वेळी हात आणखी लांब जातायत."

"मी हलत नाहीये, खाली जातोय," मास्तर दाबलेल्या आवाजात म्हणाले आणि पोटावर आपटले.

कारण होतं सायकल. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं डोंगरात चालवायची नवीकोरी सायकल पाठवली होती. पाठोपाठ तिचा फोन आला. "बाबा, लहानपणी मला दांडीवर बसवून टेकडीवर न्यायचात ना? रविवारी मी माझी सायकल घेऊन येतेय. आता जोडीनं जाऊ." तेव्हापासून मास्तर काजं करतानाही शीळ घालत होते. गिऱ्हाइकांनी उशिराबद्दल झापलं तरी हसत होते, त्यामुळे गिऱ्हाइकंच घाबरली होती.

अडचण एवढीच, की हँडल बैलाच्या शिंगांसारखं पसरलेलं होतं. ते धरलं की आपण दोरीवर चादर वाळत घालतोय असं मास्तरांना वाटायचं. सायकलवाला म्हणाला होता, "रुंदच येतं ते. ज्यानं त्यानं आपल्या मापाचं कापून घ्यायचं. जोर काढायला ओणवं व्हा, हात सहज पडतील तेवढं हँडल. आणा, मी कापून देतो."

"कापायला मला तू लागतोस?" मास्तर म्हणाले होते. "अख्खा जन्म काय केलं मी?"

आता तो जन्म टेबलावर धापा टाकत होता.

"असं नाही हो. सरका," बायको म्हणाली. तिनं चष्मा बाजूला ठेवला, टेबलावर ओणवी झाली आणि सरळ तीन जोर काढले. मास्तर बघतच राहिले.

"हे तुला कधीपासून येतं?"

"शाळेपासून. तुम्ही कधी विचारलंत?"

मास्तरांनी गमतीनं तिच्याही हातांच्या कडेला रेघा मारल्या. बाहेरच्या दोन त्यांच्या, आतल्या दोन तिच्या. टेप उचलणार, तोच वकीलसाहेब आत शिरले.

"मास्तर, पँट झाली का? अर्ध्या तासात माझा पुकारा आहे!" त्यांनी काळा कोट काढला, चुरगळू नये म्हणून दोन्ही बाह्या ऐसपैस पसरून टेबलावर घातला, आणि नवी पँट घेऊन मागच्या ट्रायल रूममध्ये गेले.

एवढ्यात बाहेर पाण्याचा टँकर हॉर्न वाजवायला लागला. गल्लीच्या मधोमध मास्तरांची सायकल उभी. मास्तर धावले आणि तिला ओढत दुकानात घेऊन आले. टेबल आणि भिंतीच्या मधली वाट चिंचोळी. हँडल तिच्यात गेलं, आणि रुतलं. मागे ओढलं तर टेबलच सरकलं आणि आणखी घट्ट बसलं. फिरवावं तर पुढचं चाक शिलाई मशीनच्या पायात.

ट्रायल रूममधून वकीलसाहेबांचं डोकं बाहेर आलं. "मी बाहेर कुठून पडू?"

"दोनच मिनिटं, साहेब."

"मास्तर, न्यायाधीशांना काय सांगू? सायकलनं अडवलं?"

"अहो, सायकलवाल्याला बोलवा," बायको म्हणाली.

"तो येईस्तोवर निकाल लागेल! नाहीतरी कापायचंच आहे ना? मग आत्ताच." शेजारच्या प्लंबरकडून करवत आली. मास्तरांनी हँडलच्या रबरी मुठी काढल्या, कोट उचलून साहेबांकडे भिरकावला आणि टेबलाकडे पाहिलं. खडूच्या दोनच रेघा दिसत होत्या. घाईत माणसाला दोनच रेघा दिसल्या की बरंच वाटतं. मास्तरांनी टेप लावली, खूण केली आणि दोन्ही बाजूंनी कापलं. अगदी सफाईनं, समसमान.

सायकल सुटली. वकीलसाहेब कोटात हात घालत पळाले. हँडल जरा लहान वाटतंय असं बायको म्हणाली, पण मास्तरांनी तिला शिंप्याच्या मापाला नावं ठेवू नयेत म्हणून बजावलं.

रविवारी लेक आली. गल्ली बघत होती. मास्तर ऐटीत बसले. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, गुडघे हँडलला लागतायत. गर्दीत चहाचा ट्रे सांभाळत निघाल्यासारखे ते चार घरं पुढे गेले आणि पाचव्या घराच्या कुंड्यांत उतरले.

लेकीनं त्यांना उठवलं, मग हँडल निरखलं. "बाबा, हे कुणाच्या मापानं कापलंत?"

मास्तरांना टेबलावरच्या आतल्या दोन रेघा आठवल्या. एकाचं माप आणि दुसऱ्याचा कपडा, हे पाप त्यांच्या कात्रीनं कधी केलं नव्हतं. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बायको अवलक्षणाच्या विचारात नव्हती. तिनं बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"बघू जरा."

ती बसली. खांदे, कोपरं, मनगटं सगळं जिथल्या तिथं पडलं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ती सरळ परत आली. तिचा खुललेला चेहरा बघून मास्तर सायकलपासून दोन पावलं मागे सरले.

"जा तुम्ही दोघी," ते म्हणाले. "टेकडी काय, पुढच्या रविवारीही तिथंच असेल."

"खरंच जाऊ?" बायकोनं विचारलं, पण पाय पेडलवर ठेवून विचारलं. वळणावरून तिचा आवाज आला, "दूध गॅसवर आहे हो, लक्ष ठेवा!"

मास्तर दुधापाशी उभे राहिले. गॅस बंद करून दुकानात येतात तोच वकीलसाहेब कोट घेऊन हजर.

"मास्तर, हे काय प्रकरण आहे? परवा मी हात पसरून बाजू मांडतोय आणि समोरचा वकील हसतोय!" काळ्या बाह्यांवर दोन पांढऱ्या रेघा होत्या, डावीकडे एक, उजवीकडे एक.

मास्तरांनी कोट टेबलावर त्या दिवशीसारखाच पसरला. दोन रेघांमध्ये टेप धरली. मग छातीपुढे तेवढ्याच अंतरावर हात धरून पाहिले. अगदी आरामात पडले.

"निघतील ना हो ह्या?"

"निघतील साहेब, एका ब्रशात निघतील," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "पण उद्यापर्यंत राहू द्या. मला दुसरी सायकल घ्यायचीय, आणि माझं माप सध्या तुमच्या कोटावर आहे."