ऑर्डर वाचलीत का?

आमच्या कोलकात्यातल्या, बालीगंजच्या इमारतीत मत मागायला येणारे कार्यकर्ते तळमजला करतात, पहिला मजला करतात आणि दुसऱ्या मजल्यावर आले की चप्पल हातात घेतात. आवाज होऊ नये म्हणून. तिथे दिगंबर आठल्ये राहतात. पत्रक दाराखालून आत सरकवायचं आणि तिसऱ्या मजल्याकडे पळायचं, अशी सर्व पक्षांची एकमुखी पद्धत आहे. लोकशाहीत एवढं एकमत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कारण दार उघडलं तर आठल्येकाका हात जोडत नाहीत. चष्म्यावरून बघतात आणि बंगालीत विचारतात, "अर्डारटा पोडेछेन?" म्हणजे, ऑर्डर वाचलीत का? ऑर्डर कुठली, असं विचारायची चूक एका उमेदवारानं केली होती. काकांनी त्याला आत बसवलं, पुढ्यात चिवडा ठेवला आणि कोर्टाचा अख्खा निकाल वाचून दाखवला, तळटिपांसकट. बाहेर वाजणारे ढोल आधी मंदावले, मग घरी गेले.

काका गार्डन रीचला रेल्वेच्या कायदा विभागात होते. निवृत्त झाले, पण कायदा काही निवृत्त झाला नाही. त्यातही त्यांना एकच प्रकार चालतो: दवाखाने, रुग्णालयं, पेशंटचे हक्क. जमिनीच्या खटल्याबद्दल विचारा, ते जांभई देतात. अतिदक्षता विभागाबद्दल विचारा आणि मग जेवायला घरी जायचं विसरा. गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान आहे, तिथल्या बाकावर ते मातीच्या भांड्यातून चहा पीत रोज सकाळी हे कामकाज चालवतात. सगळी गल्ली त्यांना ऑर्डरदा म्हणते.

त्यांचा सिद्धान्त असा. निवडणूक रस्त्यावर ठरत नाही, सभेत ठरत नाही. आरोग्याच्या कायद्यावर कोर्ट काय म्हणतं, त्यावर ठरते. आणि ती उलटी ठरते. कोर्टानं कायदा अडवला की सरकारची चंगळ. "आम्ही दिलं होतं हो, कोर्टानं अडवलं," एवढं म्हणत फिरायचं. न मिळालेल्या औषधाला कडू कोण म्हणणार? पण कोर्टानं कायदा उचलून धरला की सरकार अडचणीत. आता तो पाळून दाखवावा लागतो. काका म्हणतात, "निकाल कोर्टात वाचायचा नसतो. तो रुग्णालयाच्या काउंटरवर जाऊन वाचायचा." आणि ते खरोखर जातात. निकाल लागला की परिसरातली नर्सिंग होम हिंडून तिथे नवीन नियमाचा बोर्ड लागलाय का, ते बघून येतात.

हसू नका. तातडीच्या पेशंटला आगाऊ रक्कम न मागता दाखल करून घ्या, असा कायदा राज्यात झाला आणि कोर्टानं त्याला स्थगिती दिली, तेव्हा काका म्हणाले होते की सत्ताधारी पक्षाचा माणूस इथून दणक्यात येणार. आला. आठवडाभर काका कुस्ती मारल्यासारखे चहा पीत होते.

या सिद्धान्ताला एकच शत्रू. तळमजल्यावरचे घोषबाबू, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मते मतदान गुडघाभर पाण्यावर ठरतं. ज्याच्या काळात गल्लीत पाणी कमी तुंबलं, तो जिंकला. यंदा मतदानाच्या तोंडावर तोच कायदा कोर्टानं वैध ठरवला आणि काकांनी बाकावरून जाहीर केलं की आमदार पडणार. घोषबाबू म्हणाले, गटार साफ झालंय, आमदार येणार. शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली. घोषबाबू हरले तर त्यांनी पाण्याबद्दल बोलायचं नाही. काका हरले तर या बाकावर पुन्हा कधी ऑर्डरचं नाव काढायचं नाही. काकांनी लगेच टाळी दिली. मला वाटलं, या माणसानं जीभच गहाण ठेवली.

मतदानाच्या दिवशी आईचा रक्ताचा रिपोर्ट आणायला मी नर्सिंग होममध्ये गेलो. रस्ते रिकामे, आत निम्मा कर्मचारीवर्ग. भरतीच्या काउंटरसमोरच्या खुर्चीत आठल्येकाका. मांडीवर डबा, खिशात घडी घातलेली ऑर्डर.

मी म्हटलं, "काका, बोर्ड बघायला आलात? आज?"

"बोर्ड लागलाय. पण आज माणसं बदलीची आहेत, त्यांनी तो वाचलेला नसतो. कुणाला परत पाठवायला लागले, तर वाचून दाखवायला कुणीतरी हवं."

"आणि तुमचं मत?"

"सकाळीच दिलं. दर मतदानाला देतो आणि इथे येऊन बसतो."

काका काउंटरकडे बघत म्हणाले, "वत्सलेला, तुझ्या काकूला, इथे आणलं होतं. असंच मतदान होतं. आगाऊ रक्कम मागितली, ती आणायला मी घरी गेलो. टॅक्सी मिळेना. परत आलो तोवर ती या खुर्चीतच गेली होती." त्यांनी खिशातल्या घडीवर हात ठेवला. "अशी रक्कम मागू नये, अशी ऑर्डर तेव्हाही आदल्याच आठवड्यात निघालेली होती. त्या काउंटरवरच्या मुलीला माहीत नव्हती."

डब्याचं झाकण त्यांनी उगाच घट्ट केलं.

"मलाही नव्हती."

आमदार निवडून आला. चांगल्या भरघोस मतांनी. दुसऱ्या दिवशी काका बाकावर आले, चहा घेतला आणि गप्प बसले. तिसऱ्या दिवशीही तेच. दुकानदारानं विचारलं, ऑर्डरदा, तब्येत बरी आहे ना? काकांनी मान हलवली. जिंकलेले घोषबाबू पाण्याबद्दल दोन वाक्यं बोलले आणि समोरून कुणी खोडून काढेना म्हणून तेही थांबले. त्या बाकावर पहिल्यांदाच ट्रामची घंटा ऐकू आली.

माझ्या पोटात काही राहत नाही. त्या संध्याकाळी मी घोषबाबूंना खुर्चीची गोष्ट सांगून टाकली. त्यांनी दार लोटून घेतलं.

सकाळी ते आमच्याआधी दुकानावर हजर होते, हातात वर्तमानपत्र. काका येऊन बसताच त्यांच्यासमोर उभे राहिले, शाळेत वर्गापुढे उभे राहत असतील तसे.

"दादा, तुमचा तो आरोग्याचा कायदा वरच्या कोर्टात गेलाय म्हणे. पेपरवाल्यांवर माझा भरवसा नाही." त्यांनी घसा साफ केला. "ऑर्डर वाचलीत का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि बाकावर सरकून शेजारी जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "दुसऱ्या पानापासून सुरू करू. पहिल्यावर नुसती नावं असतात."